शब्दशंका : ‘ट्रिव्हियल’ म्हणजे नेमके किती क्षुल्लक?

या वेळच्या टपालात ‘ट्रिव्हियल’ या एकाच इंग्रजी विशेषणाविषयी इतकी पत्रे आली, की सदराची सगळी जागा त्यालाच द्यायचे ठरवले. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या हृदयाची टू-डी एको तपासणी झाली. अहवालात ‘ट्रिव्हियल एमआर, ट्रिव्हियल टीआर’ असे लिहिले आहे. शब्दकोशात ‘ट्रिव्हियल’चा अर्थ ‘क्षुल्लक’ असा सापडला. पण हृदयातला दोष क्षुल्लक कसा असेल, हे काही पटत नाही. आणि तो खरोखरच क्षुल्लक असेल, तर अहवालात लिहायचा तरी कशाला? शब्दाची व्युत्पत्तीही सांगावी. — एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नातच या शब्दाचे मर्म आहे, म्हणून आधी अहवाल पाहू. एमआर (मायट्रल रिगर्जिटेशन) आणि टीआर (ट्रायकस्पिड रिगर्जिटेशन) ही हृदयाच्या दोन झडपांतून रक्त मागे फिरण्याला दिलेली आद्याक्षरी नावे आहेत. मायट्रल झडप हृदयाच्या डाव्या बाजूला असते आणि ट्रायकस्पिड उजव्या बाजूला. झडप मिटली की रक्ताने पुढेच जायचे असते, परंतु ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह दाखवणारे डॉप्लर तंत्र इतके सूक्ष्म आहे, की पुष्कळ निरोगी माणसांच्या झडपेतून मागे येणारी बारीकशी धारसुद्धा पडद्यावर रंगीत होऊन उमटते. तपासणाऱ्याला जे दिसले ते त्याने नोंदवलेच पाहिजे, आणि नोंदवताना ते किती आहे हेही सांगितले पाहिजे. त्यासाठी चढत्या क्रमाने पायऱ्या ठरलेल्या आहेत : ट्रिव्हियल किंवा ट्रेस, मग माइल्ड, मग मॉडरेट आणि शेवटी सिव्हियर. म्हणजे आपल्या वडिलांच्या अहवालातला शब्द या उतरंडीतला सर्वांत खालचा आहे. अहवालातल्या बाकीच्या आकड्यांसह त्याचा अर्थ लावणे हे अर्थातच डॉक्टरांचे काम आहे. भाषेपुरते बोलायचे तर इथे ‘क्षुल्लक दोष’ असे भाषांतर न करता ‘नाममात्र गळती’ असे करावे. ‘नाममात्र’ या शब्दात गोष्ट आहे हे मान्य होते आणि तिच्यामागे लागण्याचे कारण नाही हेही कळते.

‘ट्रिव्हियल’ हा शब्द आकार सांगत नाही. लहान वस्तूला ‘स्मॉल’ म्हणतात, थोड्या प्रमाणाला ‘लिटल’ म्हणतात. ‘ट्रिव्हियल’ म्हणताना बोलणारा एक निवाडा देत असतो, की ही गोष्ट आपले लक्ष, वेळ किंवा विचार खर्च करण्याच्या लायकीची नाही. अनेक लशींचा एक डोस अवघा अर्धा मिलिलिटर असतो, तो निश्चितच लहान आहे, पण त्याला कोणी ‘ट्रिव्हियल’ म्हणणार नाही. उलट एखाद्या प्रदीर्घ बैठकीत दोन तास चाललेल्या चर्चेचा विषय ‘ट्रिव्हियल’ असू शकतो. म्हणूनच हा शब्द वाचताना तो कोण म्हणतो आहे आणि कशाच्या तुलनेत म्हणतो आहे, या दोन गोष्टी पाहिल्याखेरीज अर्थ पुरा होत नाही. डॉक्टर गंभीर गळतीच्या तुलनेत बोलत असतात. आपली वर्तमानपत्रे ‘क्षुल्लक कारणावरून हाणामारी’ किंवा ‘क्षुल्लक वादातून खून’ असे मथळे देतात आणि इंग्रजी वर्तमानपत्रे तिथे हमखास ‘ट्रिव्हियल’ वापरतात, तेव्हा ते कारण घडलेल्या प्रकाराच्या तुलनेत क्षुल्लक ठरवलेले असते. बातमी खाली वाचत गेले, की बहुतेक वेळा ते कारण म्हणजे बांधावरून, पाण्यावरून किंवा उसनवारीवरून वर्षानुवर्षे धुमसत आलेला वाद असतो, आणि मग हा निवाडा वार्ताहराने जरा घाईनेच दिला असे वाटू लागते.

आपण व्युत्पत्तीही विचारली आहे. लॅटिनमध्ये ‘ट्राय’ म्हणजे तीन आणि ‘व्हिया’ म्हणजे रस्ता. तीन रस्ते मिळतात ती जागा ‘ट्रिव्हियम’. कोकणात अशा जागेला आजही ‘तिठा’ म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गावरचा हातखंबा तिठा रत्नागिरीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. तिठ्यावर कोणीही भेटते आणि काहीही बोलले जाते, म्हणून लॅटिनमध्येच ‘ट्रिव्हियालिस’ या विशेषणाला ‘सर्रास आढळणारे, सामान्य’ असा अर्थ आलेला होता. मध्ययुगीन युरोपात याच शब्दाला आणखी एक अर्थ मिळाला. तिथल्या विद्यापीठांत शिकवल्या जाणाऱ्या सात विद्यांपैकी व्याकरण, तर्कशास्त्र आणि वक्तृत्वशास्त्र या पहिल्या तीन विद्यांच्या गटाला ‘ट्रिव्हियम’ म्हणत, तर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र या पुढच्या चारांना ‘क्वाड्रिव्हियम’. पंधराव्या शतकात इंग्रजीत हे विशेषण आले ते या पहिल्या तीन विद्यांशी संबंधित म्हणून. ‘बिनमहत्त्वाचे’ हा अर्थ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. व्याकरण आणि तर्क यांना पायाभूत मानणाऱ्या परंपरेतला शब्द शेवटी बिनमहत्त्वाच्या गोष्टींसाठी वापरला जावा, याची व्याकरणाच्या शिक्षकांना थोडी खंत वाटली तर ती समजण्यासारखी आहे. मराठीत हीच कल्पना निराळ्या वाटेने गेली. चार रस्त्यांच्या ‘चव्हाट्या’वर आलेली गोष्ट आपल्याकडे सामान्य ठरत नाही, तिची बेअब्रू होते. तेव्हा व्युत्पत्ती जाणून घेण्यात रस जरूर असावा, पण आजचा वापर तिच्यावरून ठरवू नये.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. गणितात ‘ट्रिव्हियल सोल्यूशन’ हा शब्द सतत येतो. माझे शालेय शिक्षण मराठीतून झाल्याने मी तो ‘क्षुल्लक उकल’ असा मनात वाचतो आणि गोंधळतो, कारण परीक्षेत त्यावर गुण असतात. — एक विद्यार्थी, कराड

उत्तर : गोंधळ आपला नाही, भाषांतराचा आहे. गणितात हे विशेषण महत्त्वाचे मापच सोडून देते आणि फक्त एवढे सांगते, की ही गोष्ट मिळवायला काहीच करावे लागले नाही.

समजा दोन समीकरणे दिली आहेत : २क्ष + ३य = ० आणि ४क्ष + ५य = ०. क्ष आणि य या दोघांनाही शून्य किंमत दिली, की दोन्ही समीकरणे खरी ठरतात, आणि हे कळायला समीकरणातले आकडे वाचण्याचीसुद्धा गरज पडत नाही. उजवीकडे शून्य असलेल्या अशा कोणत्याही समीकरणांना ही उकल असतेच. ती समीकरणांविषयी काही सांगत नाही, म्हणून ती ‘ट्रिव्हियल’. खरा प्रश्न पुढे असतो, तो असा की याखेरीज आणखी एखादी उकल आहे का. वरच्या उदाहरणात निश्चयकाची (इंग्रजीत ‘डिटर्मिनंट’; इथे गुणकांच्या तिरक्या गुणाकारांतला फरक) किंमत १० वजा १२ म्हणजे उणे २ येते. ती शून्य नाही, त्यामुळे दुसरी उकल नाही. दुसरे समीकरण बदलून ४क्ष + ६य = ० असे घेतले, तर निश्चयक शून्य होतो आणि क्ष बरोबर ३, य बरोबर उणे २ ही उकलही चालते; मग तिच्या पटीतल्या अगणित उकली मिळतात. परीक्षेतले गुण या तपासणीला असतात. शून्याची उकल नोंदवून बाजूला ठेवायची असते, पण नोंदवायची विसरून चालत नाही.

गणितातला ‘ट्रिव्हियल’ लहानच असतो असेही नाही, आणि त्याचे उदाहरण बारावीच्या पुस्तकातच आहे. एखाद्या संचावरचे ‘संबंध’ शिकवताना दोन टोके दाखवली जातात. एका टोकाला कोणताच घटक कोणत्याच घटकाशी संबंधित नाही असा रिक्त संबंध असतो, आणि दुसऱ्या टोकाला प्रत्येक घटक प्रत्येक घटकाशी संबंधित आहे असा सगळ्यांना कवेत घेणारा संबंध. या दोन्हींना ‘ट्रिव्हियल’ म्हणतात. पहिला शक्य तितका लहान आहे आणि दुसरा शक्य तितका मोठा. दोघांत साम्य इतकेच, की ते सांगायला संचाचा अभ्यास करावा लागत नाही. मोठ्यात मोठ्या संबंधाला ‘क्षुल्लक’ म्हटले, की विद्यार्थ्याची गाडी अडणारच. हिंदी पाठ्यपुस्तकांत यासाठी ‘तुच्छ’ हा शब्द घेतला आहे, तो तर माझ्या मते आणखी वाईट, कारण त्यात तिरस्कारही आला. मराठीत ‘सहजप्राप्त उकल’ किंवा ‘सहजसिद्ध’ हे शब्द वापरावेत. एकजिनसी, म्हणजे वरच्यासारख्या उजवीकडे शून्य असलेल्या, समीकरणांपुरते ‘शून्य उकल’ म्हटले तरी नेमके होते.

या शब्दाचे नकारार्थी रूप गणितात अधिक वजनदार आहे. फर्माच्या सुप्रसिद्ध प्रमेयात, दोनापेक्षा मोठ्या घातांकासाठी दोन पूर्णांकांच्या घातांची बेरीज तिसऱ्या पूर्णांकाच्या त्याच घाताएवढी कधीच येत नाही, असे म्हटले आहे. पण तीनपैकी एक संख्या शून्य घेतली, तर शून्य आणि एक यांची बेरीज एक, अशी उकल समोर हजरच असते. म्हणून ते विधान ‘नॉन-ट्रिव्हियल’ उकली नाहीत असेच करावे लागते, आणि एवढे सिद्ध व्हायला साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली. अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. गणितज्ञ रीमान यांच्या झीटा फलनाची शून्ये, म्हणजे त्याची किंमत शून्य होते ती ठिकाणे, उणे २, उणे ४, उणे ६ अशा सम संख्यांवर येतात, ती ‘ट्रिव्हियल’; उरलेली कोठे येतात याविषयी त्यांनी १८५९ मध्ये मांडलेला अंदाज आजही सिद्ध झालेला नाही आणि त्यावर दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर आहे. याच परंपरेतून शास्त्रज्ञ आणि अभियंते बोलताना अवघड कामाला ‘नॉन-ट्रिव्हियल’ म्हणतात. ऐकायला तो शब्द सौम्य वाटतो, पण त्याचा अर्थ ‘हे काम चांगलाच घाम काढेल’ असा घ्यावा.

रसायनशास्त्रात आणि वनस्पतिशास्त्रात पुन्हा तिसराच अर्थ भेटतो, तोही सांगून टाकतो. रसायनांच्या नियमबद्ध नावांखेरीज जी रूढ नावे आहेत त्यांना ‘ट्रिव्हियल नेम’ म्हणतात. आपल्याकडची मोरचूद, तुरटी, नवसागर आणि सोरा ही नावे त्याच जातीची आहेत. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी दुकानात जातो तेव्हा मोरचूद मागतो, कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट मागत नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७५३ मध्ये वनस्पतींना दोन शब्दी नावे दिली, त्यांतल्या दुसऱ्या शब्दाला तो हेच विशेषण लावत असे. आंब्याच्या ‘मँजिफेरा इंडिका’ या नावातले ‘इंडिका’ हे त्याच्या हिशेबी ‘ट्रिव्हियल’ नाव. या ठिकाणी शब्दाचा अर्थ ‘रोजच्या वापरातले, सोयीचे’ एवढाच आहे. भाषांतर करताना ‘रूढ नाव’ म्हणावे.

प्रश्न : ‘ट्रिव्हियल’, ‘पेटी’, ‘फ्रिव्होलस’, ‘मायनर’, ‘निग्लिजिबल’ या सगळ्यांना विद्यार्थी ‘क्षुल्लक’ किंवा ‘किरकोळ’ लिहितात. फरक कसा शिकवावा? — एक शिक्षिका, लातूर

उत्तर : समानार्थी शब्दांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक शब्द कोणत्या नामाशेजारी बसतो हे दाखवावे, असे सुचवतो.

‘मायनर’ हा पायरी दाखवणारा शब्द आहे. ‘मेजर’ त्याच्या वरचा. यासाठी मराठीचा ‘किरकोळ’ चपखल बसतो : किरकोळ जखम, किरकोळ दुरुस्ती, किरकोळ बदल. ‘अपघातात तिघे किरकोळ जखमी’ या वाक्यात जखमींचा अपमान नसतो, कारण ‘किरकोळ’ला तिरस्काराचा वास नाही, घाऊकच्या विरुद्ध किरकोळ विक्री, तसेच अंगाने किरकोळ असलेला माणूस, असे त्याचे इतर उपयोगही आहेत. ‘निग्लिजिबल’ प्रमाणाविषयी बोलतो आणि त्याला ‘नगण्य’ हा जवळजवळ अचूक प्रतिशब्द आहे, कारण दोन्हींचा आशय ‘हिशेबात न धरण्याजोगे’ असाच आहे. पैशांच्या रकमेसाठी इंग्रजीत ‘पॉल्ट्री’ येतो, तिथे ‘तुटपुंजी’ हा आपला शब्द त्याहूनही बोलका आहे.

‘पेटी’ जरा फसवा शब्द आहे. मूळ फ्रेंच अर्थ फक्त ‘लहान’ असा होता आणि तो अजून काही ठिकाणी जिवंत आहे : कचेरीतला ‘पेटी कॅश’ म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, आणि भारतीय नौदलातला ‘पेटी ऑफिसर’ हा तर मानाचा हुद्दा. पण माणसाला किंवा त्याच्या वागण्याला ‘पेटी’ म्हटले, की अर्थ ‘कोत्या मनाचा’ असा होतो. ‘ट्रिव्हियल’ सहसा माणसाला लावत नाहीत, गोष्टीला लावतात. हा एक सोपा नियम विद्यार्थ्यांच्या लक्षात राहील. ‘फ्रिव्होलस’ मात्र माणसालाही लागतो, त्याच्या कृतीलाही. त्यात गांभीर्याचा अभाव असतो. मराठीत प्रसंग पाहून उथळ, पोरकट, थिल्लर यांतला शब्द निवडावा. न्यायालय एखादी याचिका ‘फ्रिव्होलस’ ठरवते तेव्हा विषय लहान आहे असा त्याचा अर्थ नसतो, तर याचिकेत तथ्य नाही आणि ती गंभीरपणे केलेली नाही, असा असतो. तिथे ‘क्षुल्लक याचिका’ असे भाषांतर केले, तर अर्थाचा अनर्थ होईल. ‘तथ्यहीन’ किंवा ‘बिनबुडाची’ म्हणावे.

न्यायालयाचा विषय निघाला आहे, तर मराठीतल्या एका चांगल्या निवडीकडे लक्ष वेधतो. मुंबईतल्या ‘स्मॉल कॉजेस कोर्टा’चे मराठी नाव ‘लघुवाद न्यायालय’ असे आहे. दाव्याच्या लहानपणावरून हे नाव पडले खरे, परंतु मुंबईतले घरमालक आणि भाडेकरू यांचे दावे मिळकतीची किंमत कितीही असली तरी तिथेच चालतात, त्यामुळे कोट्यवधींच्या जागांचे निवाडे या ‘लघु’ न्यायालयात होतात. ‘लघु’च्या जागी ‘क्षुल्लक’ घातले असते तर पक्षकार उंबरठ्यावरच नाराज झाले असते.

कायद्यात ‘क्षुल्लक’ ठरवण्याची एक कसोटीही आहे, ती वर्गात सांगण्यासारखी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले कलम ९५ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतले कलम ३३ यांनुसार, झालेला अपाय इतका अल्प असेल, की सर्वसाधारण समजेची आणि स्वभावाची कोणतीही व्यक्ती त्याबद्दल तक्रार करणार नाही, तर तो गुन्हा ठरत नाही. गर्दीत पायावर पाय पडला म्हणून फौजदारी होत नाही, ती यामुळे. कसोटी तक्रारदाराच्या मनावर सोडलेली नाही आणि धक्का देणाऱ्याच्या मनावरही नाही. तिसऱ्याच एका समंजस माणसाची कल्पना करून त्याला विचारायचे आहे. ‘ट्रिव्हियल’ शब्द वापरण्यापूर्वी निबंध लिहिणाऱ्याने हीच कल्पना करून पाहायला हरकत नाही.

उरलेल्या मराठी शब्दांपैकी ‘फुटकळ’ हा सुट्या, विखुरलेल्या गोष्टींना शोभतो, उदाहरणार्थ फुटकळ लेखन. ‘फालतू’चा मूळ अर्थ ‘जास्तीचा, गरजेहून अधिक’ असा होता. आज तो इतका शिवीकडे झुकला आहे, की औपचारिक लेखनात टाळावा. ‘यःकश्चित’ माणसाला लावतात. संस्कृतातल्या ‘जो कोणी’ या दोन शब्दांचे ते जोडलेले रूप आहे, म्हणून त्यातला विसर्ग गाळू नये. आणि ‘शुल्लक’ असे लिहिलेले आढळले, तर त्यावर लाल शाईची खूण न चुकता करावी. शुद्ध रूप ‘क्षुल्लक’ हेच आहे.

प्रश्न : ‘क्षुल्लक’ शब्दाचा आपण सर्रास हलका अर्थ देता. आमच्या जैन समाजात ‘क्षुल्लक’ म्हणजे पूज्य त्यागी. हा शब्द तुच्छतेने वापरलेला पाहून वाईट वाटते. — एक वाचक, शिरोळ

उत्तर : आपण म्हणता तो अर्थ खरा आहे आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्याबाहेरच्या बहुतेक मराठी वाचकांना तो ठाऊक नसतो, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. दिगंबर परंपरेत श्रावकाच्या अकरा प्रतिमा, म्हणजे साधनेच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. अकराव्या पायरीवर दोन स्थाने असतात : लंगोटी आणि एक वस्त्र एवढेच ठेवणारे ‘क्षुल्लक’, आणि ते वस्त्रही सोडून फक्त लंगोटी ठेवणारे ‘ऐलक’. त्यापुढे मुनिपद येते. स्त्री साधिकेला ‘क्षुल्लिका’ म्हणतात. भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनीही मुनिदीक्षेपूर्वी क्षुल्लक-दीक्षा घेतली होती.

शब्द एकच आहे, आणि दोन्ही अर्थ ‘लहान’ या एकाच मुळातून आले आहेत. संस्कृतातल्या ‘क्षुद्र’पासून प्राकृताच्या वळणाने ‘क्षुल्ल’ झाला. संस्कृतात वडिलांच्या धाकट्या भावाला ‘क्षुल्लतात’ म्हणत, यात चुलत्याचा अपमान कोणी पाहिला नाही. मुनीच्या तुलनेत धाकटा तो क्षुल्लक, अशी जैन परंपरेतली योजना आहे. व्यवहारातल्या मराठीने तो शब्द वस्तूंना लावला आणि ‘लहान’चे ‘दखल न घेण्याजोगे’ झाले. आता तो वापर थांबवणे कोणाच्या हातात नाही, पण माणसाला उद्देशून ‘क्षुल्लक माणूस’ असे लिहू नये ही विनंती मी आपल्या पत्राच्या निमित्ताने लेखकांना करतो. त्यासाठी ‘यःकश्चित’, ‘सामान्य’ हे शब्द आहेतच.

प्रश्न : मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमच्या गटाने कळवलेल्या एका त्रुटीवर वरिष्ठांनी मेलमध्ये लिहिले, ‘द इश्यू रेझ्ड बाय युवर टीम इज ट्रिव्हियल’. गटातल्या सगळ्यांना ते लागले. विचारल्यावर ते म्हणाले, की मला फक्त सोपे आहे असे म्हणायचे होते. शब्दाचा असा अर्थ होतो का? — एक वाचिका, पुणे

उत्तर : होतो, पण वरिष्ठांनी लिहिलेल्या वाक्यातून तो सहजी निघत नाही. ‘ट्रिव्हियल टू फिक्स’, ‘ट्रिव्हियल टू प्रूव्ह’ अशी क्रियापदासह रचना केली, तर अर्थ ‘दुरुस्त करायला अगदी सोपे’, ‘सिद्ध करायला सोपे’ असा होतो. हा गणिताचाच अर्थ संगणकाच्या जगात आलेला आहे. नुसते ‘इज ट्रिव्हियल’ म्हणून वाक्य थांबवले, तर सर्वसाधारण वाचक त्याचा अर्थ ‘बिनमहत्त्वाचे आहे’ असाच घेणार. त्यात ‘युवर टीम’ हे शब्द जोडले, की शेरा प्रश्नावरून माणसांवर सरकतो. ‘हे सहज दुरुस्त होईल’ असे म्हणायचे होते, तर ‘ईझी टू फिक्स’ लिहायला कोणी अडवले नव्हते.

आपल्या क्षेत्रात या शब्दाला एक नियत स्थानही आहे. बगझिलासारख्या त्रुटी नोंदवण्याच्या प्रणालीत गांभीर्याच्या पायऱ्यांत ‘ब्लॉकर’, ‘क्रिटिकल’, ‘मेजर’, ‘नॉर्मल’, ‘मायनर’ आणि त्याखाली ‘ट्रिव्हियल’ असतो. पडद्यावरच्या मजकुरातली स्पेलिंगची चूक किंवा दोन अक्षरांमधले वाकडे अंतर तिथे जाते. प्रणालीच्या चौकटीत हा शब्द निवडला तर कोणाला राग येण्याचे कारण नाही. एको अहवालासारखीच ती एक पायरी आहे. तोच शब्द मेलमध्ये मोकळा वावरू लागला, की पायरी राहत नाही, मत होते.

याच संदर्भात एक प्रसिद्ध निरीक्षण आहे. ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये एका समितीचे कल्पित उदाहरण दिले. अणुभट्टीच्या अवाढव्य खर्चाचा प्रस्ताव ही समिती काही मिनिटांत मंजूर करते, कारण त्यातले कोणालाच काही कळत नसते. सायकली ठेवण्याच्या छपरावर मात्र बराच वेळ वाद घालते, कारण छपराविषयी प्रत्येकालाच मत असते. याला त्यांनी ‘क्षुल्लकतेचा नियम’ म्हटले. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या संगणक प्रणालीच्या विकासकांमध्ये पोल-हेनिंग काम्प यांनी हे उदाहरण पुन्हा वापरले आणि तेव्हापासून अशा वादाला सॉफ्टवेअरच्या जगात ‘बाइकशेडिंग’ म्हणतात. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला जो बसला आहे, त्याला लिफ्टच्या देखभालीचा करार आणि फाटकाचा रंग यांतल्या कोणत्या विषयाला किती वेळ जातो हे सांगायला नको. तिथेही गंमत अशी, की फाटकाच्या रंगावर बोलणाऱ्याला आपला विषय ‘ट्रिव्हियल’ आहे असे मुळीच वाटत नसते.

आपल्याला प्रत्यक्ष उपयोगाचे दोन-तीन संकेत असे. स्वतःच्या चुकीविषयी बोलताना ‘ट्रिव्हियल’ वापरला तर ती सारवासारव वाटते, दुसऱ्याच्या तक्रारीविषयी वापरला तर हेटाळणी वाटते. दोन्ही ठिकाणी ‘मायनर’ सुरक्षित आहे. ‘अ नॉन-ट्रिव्हियल अमाउंट ऑफ वर्क’ म्हणजे ‘बरेच काम’, तेव्हा असा मेल आला तर मुदत वाढवून मागावी. ‘ट्रिव्हियलाइझ’ हे क्रियापद नेहमी दोष देणारेच असते. छळाच्या तक्रारीला थट्टेवारी नेणे म्हणजे ती ‘ट्रिव्हियलाइझ’ करणे, आणि मराठीत त्याला ‘गांभीर्य घालवणे’ किंवा ‘क्षुल्लक लेखणे’ म्हणावे. ‘क्षुल्लकीकरण’ हा शब्द अलीकडे दिसतो, तो मला उच्चारायलाही जड जातो.

प्रश्न : ‘ट्रिव्हिया’ एकवचनी की अनेकवचनी? प्रश्नमंजूषेच्या पत्रिकेत काय छापावे? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : लॅटिनमध्ये अनेकवचनी, आजच्या इंग्रजीत मात्र समूहवाचक म्हणून एकवचनी क्रियापद सर्रास चालते आणि ते चूक मानले जात नाही. किरकोळ माहितीचे खेळ लोकप्रिय करण्यात ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या बैठ्या खेळाचा मोठा वाटा आहे. तो १९७९ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल येथे ख्रिस हेनी आणि स्कॉट अ‍ॅबट यांनी रचला आणि १९८१ मध्ये बाजारात आणला. पत्रिकेत ‘ट्रिव्हिया स्पर्धा’ असे सामासिक छापल्यास वचनाचा प्रश्नच येत नाही. लेखनात ‘ट्रिव्हिअल’ आणि ‘ट्रिव्हियल’ ही दोन्ही रूपे आढळतात. मी दुसरे वापरतो. उच्चारात आघात पहिल्या अक्षरावर द्यावा.